निफाडपेक्षा थंड

पेपरात पुन्हा निफाड आलंय:
पारा चार अंशांवर, द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या.
तहसीन कोकणी तोच पेपर क्रायोस्टॅटखाली अंथरते,
"काका, आपल्यालाही चारच हवेत.
फक्त मोजायची सुरुवात वेगळी."

मंगळवारी तिने थर चढवला होता.
निर्वात पेटीत आर्गॉनचा उजेड,
जांभळं खाल्ल्यावर जिभेला राहतो त्या रंगाचा,
आणि त्या उजेडात पाच जणांची झड:
टँटलम, नायोबियम, हाफ्नियम, झिर्कोनियम, टायटॅनियम.
नखाएवढ्या चकतीवर चाळीस नॅनोमीटर.
मी विचारलं, "कल्हईपेक्षा पातळ?"
"कल्हईचे हजार पदर सोडवा,
त्यातला एक."

मी तांबट आळीतला. वडक्यांचा.
आमच्यात तांब्यात जस्त गेलं की पितळ, कथील गेलं की कासं;
एक मालक, एक पाहुणा, हिशेब सरळ.
इथे मालकच नाही.
पाचही सारख्या वाट्याचे,
जाळीतल्या कुठल्याही घरात कोणीही,
शेजारी कोण निघेल याचा नेम नाही.
भांड्याला भांडं लागतं म्हणतात,
इथे तर लहानमोठ्या अंगाचे अणू
जाळी वाकवून खेटून बसलेत,
आणि या असल्या दाटीतून
वीज जायची म्हणे,
कोणाला धक्का न लावता.

"कशी?"
तिने दोन करंगळ्या एकमेकींत अडकवल्या.
"जोडीने. एकटा इलेक्ट्रॉन अडखळतो.
थंडीत जोड्या जुळतात,
मग सगळ्या जोड्यांचं पाऊल एकच."
मला दुकानातले ते चौघे आठवले,
एका घंगाळावर चार घण,
आणि घणावर घण कधी म्हणून आदळला नाही.

बाबा पन्नाशीत बहिरे झाले. ठोक्यांनीच.
पुढे तळहाताने ऐकायचे,
हंड्याच्या पोटावर हात ठेवून सांगायचे:
इथे अजून कच्चं आहे.

रात्रीचा दीड.
हेलियम शेवटच्या टाकीतलं,
कसारा घाट चढून आलेलं, बरंचसं वाटेतच उडालेलं.
केसाहून बारीक चार तारा सोन्याच्या,
चांदीच्या लेपाने चिकटवलेल्या.
वीस केल्व्हिन. काही नाही.
बारा. पडद्यावरची रेघ आडवी, आळशी.
नऊ. तहसीन नखं खातेय.
सात.
साडेसहाला रेघ जराशी वाकली
आणि सहा पूर्णांक दोनला
पडली.

उतरली नाही, पडली,
हातातून तांब्या निसटावा तशी,
फक्त आवाज नाही.

सवयीने मी तळहात टाकीच्या पोटाला लावला.
गार पत्रा, पंपाची थरथर.
बाकी काही कळलं नाही.
इतकंच, की आत कुठेतरी काहीतरी
कशालाच न घासता चाललंय,
आणि ते ऐकू येणारं असतं
तर बाबांनाच आलं असतं.

तिने प्रवाह उलटा करून पुन्हा मोजलं.
"शून्य. म्हणजे यंत्राच्या कुजबुजीएवढं शून्य.
खरं शून्य कोणी पाहिलंय?"

शेजारच्या खाचेत बारा नॅनोमीटरचा होता.
तो चारपर्यंत हट्टाने ताठ,
मग गुडघे वाकवू लागला,
साडेतीनला अर्ध्यावर आला
आणि हेलियम संपलं.
रेघ तशीच, जिन्यात थांबलेल्या माणसासारखी.
"पातळ झालं की जोड्या टिकत नाहीत,"
ती पडद्याला म्हणाली.
"की तार सुटली?"
"तेही असेल."

पहाटे तिला स्कूटरवरून कोकणीपुऱ्याच्या तोंडाशी सोडलं.
मागे आळीत कोणीतरी भट्टी पेटवली होती.
एक ठोका.
बराच वेळ काही नाही. मग दुसरा.
तिने कानटोपी वर सरकवली.
"पुढची टाकी गुरुवारी. आठ नॅनोमीटरचा करून बघू या?"

मी म्हणालो,
आधी या खेपेला चांदी नीट वाळू दे.